फोटोच्या पाठीवर

तीन तरुणी शेजारी शेजारी बसल्या आहेत. डावीकडची साडीत, मधली किमोनोत आणि उजवीकडची दमास्कसकडच्या पोशाखात, डोक्यावर तिकडचं शिरोभूषण. तिघींच्या चेहऱ्यावर हसू नाही, पण भीतीही नाही. १० ऑक्टोबर १८८५ या दिवशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या डीनबाईंनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळी हा फोटो निघाला. साडीतली वीस वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी. आज हा फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहे आणि गेल्या काही वर्षांत तो जगभर हातोहात फिरला आहे. तुमच्याही फोनवर तो कधीतरी येऊन गेला असेल.

तो इतका फिरला याचं एक साधं कारण आहे. त्याच्या खाली नावं आहेत. तिघींच्या पायथ्याशी कुणीतरी इंग्रजीत प्रत्येकीचं नाव, गाव आणि देश लिहून ठेवला. ती ओळ नसती, तर ‘एकोणिसाव्या शतकातल्या तीन परदेशी स्त्रिया’ एवढ्यावरच फोटोची बोळवण झाली असती आणि कपाटातल्या एखाद्या खोक्यात तो पडून राहिला असता. जुन्या फोटोंचा नाद असलेल्या प्रत्येकाला मी हा फोटो आधी दाखवतो, आणि चेहऱ्यांच्या आधी खालची ओळ वाचायला सांगतो.

ती ओळ नीट वाचली की पुष्कळ गोष्टी कळतात. आनंदीबाई कल्याणच्या, पण इथे त्यांचं गाव बंगालमधलं सेरामपूर दिलं आहे आणि त्याचंही स्पेलिंग चुकलं आहे. पती गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यांची बदली तिकडे झाली होती आणि १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. म्हणजे लिहिणाऱ्याने कॉलेजच्या दप्तरातला पत्ता उतरवून घेतलेला दिसतो. दुसरं म्हणजे, तिघींच्याही नावाआधी ‘डॉ.’ आहे. फोटो निघाला तेव्हा तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंना ती ११ मार्च १८८६ रोजी मिळाली, किमोनोतल्या केई ओकामी यांना १८८९ मध्ये आणि तिसरीला १८९० मध्ये. म्हणजे फोटो १८८५ चा असला, तरी ओळ निदान पाच वर्षांनंतरची असली पाहिजे. त्या तिसरीचं नाव होतं साबात इस्लामबुली. ओळीत ते ‘ताबात’ असं पडलं आहे, आणि पुढे कित्येकांनी ते तसंच उचललं.

एवढ्या चुका असूनही ती ओळ लाखमोलाची आहे. तिच्यामुळे पुढचा शोध घेता आला. आनंदीबाईंचं पुढचं आयुष्य मराठी वाचकाला ठाऊक आहे: कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हातात घेऊन त्या परतल्या, पण क्षयाने पोखरलेल्या शरीराने साथ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. ओकामी जपानला परतल्या, तोक्योच्या एका मोठ्या रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राट मेइजी यांनी त्या बाई आहेत म्हणून त्यांच्याकडून उपचार घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. इस्लामबुलींचा माग मात्र विरळ होत जातो. माजी विद्यार्थिनींच्या यादीत १९१९ साली त्यांचा पत्ता कैरोचा आहे, आणि त्यानंतर कॉलेजशी त्यांचा संपर्क तुटला. एकाच बाकावर बसलेल्या तिघींपैकी एकीवर आपल्याकडे कादंबरी आली, नाटक आलं, चित्रपट आला. इस्लामबुलींच्या नावाचं मात्र पहिलं अक्षरही धड राहिलं नाही.

हा फोटो फिरतो तेव्हा त्याच्यासोबत एक वाक्य हटकून येतं: ‘आपापल्या देशातल्या पहिल्या महिला डॉक्टर.’ वाक्य टाळ्या घेणारं आहे, म्हणून ते तपासायला हवं. जपानमध्ये ओगिनो गिंको यांना १८८५ मध्येच वैद्यकीचा परवाना मिळाला होता. ओकामींचं पहिलेपण आहे ते पाश्चात्त्य विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेण्याचं. आपल्याकडे आनंदीबाईंच्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. आनंदीबाईंचं मोठेपण ‘पहिली’ या शिक्क्यावर अवलंबून नाही. अठराव्या वर्षी एकटीने समुद्र ओलांडणं आणि आजारी शरीराने अभ्यास पुरा करणं, एवढं पुरे आहे. त्यांना मोठं करण्यासाठी कादंबिनी आणि गिंको यांना पुसून टाकायची गरज कुणालाच नाही. जुना फोटो पुढे पाठवताना जी ओळ आपण जोडतो, तिची जबाबदारी आपली असते, असं माझं ठाम मत आहे.

नावं नसली तर काय होतं, याचा दाखला मुंबईतच आहे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या फोटो काढण्याच्या शोधाची घोषणा झाली आणि बातमी त्याच वर्षी मुंबईच्या वर्तमानपत्रात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. फोटोग्राफी ही साहेबाने आणली आणि आपण नंतर शिकलो, असा जो समज आहे, तो या तारखांपुढे टिकत नाही. पॅरिसच्या घोषणेनंतर सोळा वर्षांच्या आत आपली मुलं वर्गात बसून फोटोग्राफी शिकत होती.

याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत एक ग्रंथ काढला. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींची ओळख करून देणारा, खऱ्या फोटोंनी सजवलेला. त्यातली पानं पाहताना आधी कौतुक वाटतं: पगड्यांचे प्रकार, लुगड्याचे काठ, पायातले तोडे, सगळं स्पष्ट. मग लक्षात येतं की सावल्या जुळत नाहीत. माणसं एका उजेडात आहेत आणि मागचं देऊळ किंवा बंदर दुसऱ्याच उजेडात. जॉन्सन यांनी स्टुडिओत माणसांचे गट टिपले, ते कात्रीने कापले, बाहेर काढलेल्या देखाव्यांवर चिकटवले आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. ती माणसं त्या जागी कधी उभीच नव्हती.

मला त्या कात्रीपेक्षा मथळ्यांचं जास्त वाईट वाटतं. प्रत्येक पानावर जात लिहिली आहे, धंदा लिहिला आहे, माणसाचं नाव नाही. पुढे सरकारी पातळीवर ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रचंड ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. ४६८ फोटो, आणि त्यांतही बहुतेक ठिकाणी माणूस हा त्याच्या जातीचा नमुना. कॅमेऱ्यासमोर बसायला सांगितलं म्हणून बसलेल्या त्या कोळणीला, त्या भंडाऱ्याला, त्या वाण्याला घरी हाक मारताना काहीतरी नाव घेतलं जात असणार. त्या कोळणीची पणतवंडं आजही कुठेतरी मुंबईत असतील आणि ही आपली पणजी हे त्यांना कधीच कळणार नाही. छपाई उत्तम, कागद उत्तम, संग्रहालयात जतनही उत्तम, आणि माणूस कायमचा हरवलेला.

फोटो काढणाऱ्याचंही नाव असंच हरवतं. होमाई व्यारावाला यांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९१३ चा नवसारीचा जन्म, वडील पारशी नाटक कंपनीत, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने, कारण एका तरुण मुलीने काढलेल्या फोटोंना कुणी मोल दिलं नसतं. पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतलं. जन्म तेराचा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, आणि गाडीचा नंबर ‘डीएलडी १३’. फाळणीच्या प्रस्तावावर हात वर झाले ती १९४७ ची बैठक, कबुतर उडवणारे नेहरू, माउंटबॅटन यांचा निरोप हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आलं. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीहत्येच्या संध्याकाळी, त्या बिर्ला हाउसकडे निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ, म्हणून पतीने मागे बोलावलं आणि त्या परतल्या. ती रुखरुख त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांतून त्यांचे फोटो मुलं पाहत होती आणि बडोद्यात एकट्या राहणाऱ्या या पारशी बाईंचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सबीना गडीहोक यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून, निगेटिव्ह आणि आठवणी जुळवून २००६ मध्ये पुस्तक केलं. मग २०११ मध्ये पद्मविभूषण आलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी आपला सगळा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला होता. त्या फाउंडेशनमागचे इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे, १९२५ चे. नाट्यदिग्दर्शक म्हणून देश त्यांना ओळखतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय फोटोंचा त्यांनी जमवलेला खासगी साठा हे माझ्या मते त्यांचं तितकंच मोठं काम आहे.

संग्रहालयांचं असं कुणीतरी बघतं. घरातल्या फोटोंचं कोण बघणार?

मराठी घरात फोटो आला तो भीत भीत. दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्याच्या कितीतरी आधी गोध्र्याला फोटोंचा धंदा मांडला होता. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशा समजुतीने लोक तिकडे फिरकत नसत. तिथेच प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. घरंदाज बायकांना परपुरुषासमोर बसवायचं कसं, हा दुसरा पेच. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला, तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतली तोड वेगळी होती. सासरे खुर्चीत, मुलं मांडीवर, सून खुर्चीमागे पदर घट्ट लपेटून उभी, तोंड अर्धं दुसरीकडे. अशा फोटोत सर्वांत कमी दिसते तिच्याविषयीच नातवंडांना सर्वांत जास्त विचारायचं असतं.

कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांशी बोललं की एक गोष्ट हमखास निघते. माणूस गेल्यावर घरचे येत, आणि त्याचा वेगळा फोटोच नसे. मग लग्नातला किंवा शाळेतला ग्रूप फोटो आणला जाई. त्यातलं डोकं तेवढं एन्लार्ज करायचं, खालचा कोट दुसऱ्या कुणाच्या फोटोतून घ्यायचा किंवा ब्रशने रंगवायचा, टोपी चढवायची, मागचा पडदा पांढरा करायचा. रिटचिंग करणारे कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या कमी करत. भिंतीवर हार घालून टांगलेल्या कितीतरी पणजोबांनी तो कोट जन्मात घातला नव्हता. जॉन्सन यांची कात्री इथेही होतीच, पण इथे ती मायेने चालली. बापाचा चेहरा घरात राहावा म्हणून. म्हणून असा फोटो मी खोटा म्हणत नाही. फक्त तो कसा तयार झाला, हे ज्याला माहीत आहे त्याने लिहून ठेवावं, एवढंच.

पुढे घरोघरी अॅग्फा क्लिक थ्री आला. बडोद्याला तयार होणारा, एका रोलमध्ये बारा फोटो देणारा तो साधा काळा डबा. फोटोग्राफरकडे जायची गरज संपली आणि गच्चीवरचे, अंगणातले, सहलीतले फोटो सुरू झाले. स्टुडिओच्या फोटोवर निदान शिक्का असे. या चौकोनी फोटोंवर काहीच नाही. काढताना सगळ्यांना सगळं माहीत होतं, म्हणून कुणी लिहिलं नाही.

आणि मग हे फोटो जातात. पुण्यात कुणालाही जुना फोटो मागा, ‘पानशेतात गेला’ हे उत्तर अजून ऐकू येतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या त्या पुराने पेठांमधली घरं रिकामी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापुरात तेच केलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, भांडी बाहेर काढली आणि शेवटी चिखलाने भरलेले अल्बम कचऱ्यात टाकले. त्यातले बरेच वाचवता आले असते. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू द्यायचे नसतात. ते स्वच्छ गार पाण्यात हलकेच सुटे करून, चिमट्याने दोरीवर टांगून सावलीत सुकवले तर पुष्कळ तगतात. हे कुणी सांगायला नव्हतं.

पुराशिवायही जातात. स्टुडिओ बंद पडले तेव्हा काचेच्या निगेटिव्ह खरवडून साध्या काचेच्या भावाने गेल्या, फिल्मच्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांकडे किलोवर गेल्या. एकेका गावाची पन्नास वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी, मॅट्रिकचे वर्ग अशा रीतीने वितळले. वाडा पडतो, फ्लॅट होतो, भिंतीवरची फ्रेम कुणाच्याच हॉलच्या रंगसंगतीत बसत नाही. मग ती पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात येते. विक्रेता फोटोपेक्षा सागवानी चौकटीचा भाव जास्त सांगतो. मी अशा चौकटी उलट्या करून पाहतो. दहातल्या नऊंची पाठ कोरी असते. एखादीवर शाईने लिहिलेलं असतं, ‘चि. ताईस, आठवण म्हणून’, आणि ताई कोण हे जगात कुणालाच ठाऊक नसतं.

कोरा फोटोही अगदीच मुका नसतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि पत्त्याएवढा लहान असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला. पुठ्ठ्यावर ‘नोव्हा गोवा’ असेल तर तो पोर्तुगीज काळातल्या पणजीचा, मग कुटुंबाचा गोव्याशी धागा शोधायचा. कडा दंतुर असतील तर साधारण १९४० ते ६० च्या दशकांतला. रंगीत फोटो लालसर पडला असेल तर सत्तरीच्या आसपासचा. नऊवारी कुठल्या वर्षीच्या फोटोत शेवटची दिसते आणि पाचवारी केव्हा येते, पुरुषाच्या डोक्यावरची पगडी जाऊन काळी टोपी केव्हा आली आणि ती गांधी टोपी केव्हा झाली, यावरून घरातल्या पिढ्या ओळीने लावता येतात. पदर उजव्या खांद्यावर दिसला तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल, पण ते म्हणण्याआधी बाई गुजराती तर नव्हती ना, हे विचारावं. अशी ओळख पटवण्याचं काम मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० पासून ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मधून मोठ्या प्रमाणावर केलं. लोकांकडून घरचे फोटो घ्यायचे आणि त्यांच्याच शब्दांत त्यामागची हकिगत. फोटोला हकिगत जोडल्याशिवाय तो घ्यायचाच नाही, ही त्यांची शिस्त मला फार पटते.

पण या साऱ्या खुणा दशकापर्यंत नेतात, नावापर्यंत नाही. नाव फक्त माणूस सांगतो. आणि १९५० च्या फोटोतली सगळी नावं सांगू शकणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत.

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आलीच असेल. भाऊबीजेला घर भरेल तेव्हा ती मधोमध ठेवा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा: डावीकडून उजवीकडे कोण, कुठे, अंदाजे केव्हा, आणि हे कुणी सांगितलं. माहेरची नावंही लिहा, नाहीतर अर्धं घर ‘सौ.’ म्हणून उरतं. चेहरा ओळखला नाही तर तसंच लिहा, अंदाजाला खात्री म्हणू नका. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर कधीच करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या. नातेवाइकांना पाठवाल तेव्हा पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू पाठवा आणि स्टुडिओचा शिक्का कापू नका. एकाच बैठकीत पेटी संपणार नाही. पण या भाऊबीजेला निदान आजीच्या लग्नातला ग्रूप फोटो पुरा करा, आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्या सुनेपासून सुरुवात करा.